काढायला हो, लावायला नाही

(जवाहरनगर, जि. भंडारा येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बैठकीला छायाचित्रण शिकणाऱ्या, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीही हजर होत्या.)



एरवी आपण इथे रेशन, दारू, पोटगी, बचतगटाचे हप्ते असं काहीबाही घेऊन बसतो. आजचा विषय आहे फोटो. हसू नका, विषय वाटतो तेवढा हलका नाही.

याच कॉलनीत वाढलेली एक मुलगी नागपूरला छायाचित्रण शिकते आहे. तिचं हे शेवटचं वर्ष. शेवटच्या वर्षाला या मुलामुलींना स्वतःचं प्रदर्शन मांडावं लागतं. बाहेरचे परीक्षक येतात, गुण देतात, आणि पुढे कुठे काम मिळणार हेही बरंचसं त्यावरच ठरतं. तिनं विषय घेतला, 'आमच्याकडच्या बायका'. गेले सात-आठ महिने ती तुमच्या स्वयंपाकघरात, अंगणात, गिरणीवर, रोवणीच्या बांधावर येते आहे, हे तुम्ही पाहिलंच आहे. त्यातून वीस फोटो निवडून झाले. प्रदर्शनाला महिना उरला आणि दोन घरांतून निरोप आले : आमचा फोटो लावू नको. ती माझ्याकडे आली, सोबत तिच्या वर्गातल्या दोघी. मी म्हटलं, हे आपण चौघींनी खोलीत बसून ठरवायचं नाही. ज्यांचे फोटो आहेत त्यांच्यासमोर बोलू या. ती दोन घरं कुठली हे तुमच्यातल्या काहीजणींना ठाऊक असेल, तरी आज कुणीही नाव घ्यायचं नाही.

जवाहरनगरचं आणि कॅमेऱ्याचं नातं मुळातच अवघड आहे. ही वस्ती आयुध निर्माणीच्या आधारानं साठच्या दशकापासून वाढली. दारूगोळ्याचा कारखाना म्हणजे 1923 च्या शासकीय गुपितांच्या कायद्याखालचं निषिद्ध ठिकाण. आत कॅमेरा नाही, भिंतीजवळही नाही. इथल्या पोराबाळांनी वडिलांना घरातून डबा घेऊन जाताना पाहिलं, संध्याकाळी परत येताना पाहिलं, मधल्या आठ तासांचा एकही फोटो कुठल्या घरात नाही. यात तक्रार करण्यासारखं काही नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. पण 24 जानेवारी 2025 ला आत स्फोट झाला, कामगार गेले, आणि गेटबाहेर वाहिन्यांचे कॅमेरे येऊन उभे राहिले. त्याआधी 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं दगावली, तेव्हाही तसंच झालं. त्या आयांना कुणी विचारलं होतं, तुमचा आक्रोश दाखवू का? आपल्या जिल्ह्यातली बाई देशाला दिसते ती अशी, रडताना. म्हणून या मुलीनं रोजचं साधं जगणं विषय म्हणून घेतलं, हे मला मनापासून आवडलं. आज मी तिच्याशी थोडा वाद घालणार आहे, तो हे मान्य करूनच.

पहिला निरोप बिडी वळणाऱ्या बाईचा. तो फोटो मी पाहिला आहे. सकाळचं ऊन छपरीत तिरपं आलं आहे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, बोटांत अर्धी वळलेली बिडी. शेजारी, जरा अंधारात, शाळेच्या फ्रॉकमधली मुलगी बिडीचं तोंड दुमडते आहे. उत्तम फोटो आहे. तिच्या शिक्षकांनी तो प्रदर्शनाच्या दारातच, तीन फूट मोठा करून लावायला सांगितलं होतं. फोटो काढला तेव्हा बाईंनी खुशीनं हो म्हटलं होतं. मोठी प्रिंट दाखवायला ही घरी गेली तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, छान काढलीस. पण हा नोको लावू."

कारण विचारलं तर सरळ होतं. मजुरी हजार बिड्यांवर मिळते. घरकाम सांभाळून एकटीचे हजार होत नाहीत, पोरीचे हात लागतातच. ती शाळेआधी तासभर, शाळेनंतर तासभर बसते. ठेकेदाराला हे ठाऊक नाही असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि वर्तमानपत्रात फोटो येणं वेगळं. उद्या कुणी बोट दाखवलं, तर तो बालमजुरीच्या कायद्याचं नाव पुढे करून या बाईंचं पान-तंबाखू बंद करील आणि पलीकडच्या गल्लीतल्या बाईला देईल. तिच्याही पोरीचे हात त्यात असतीलच. त्याचं काही जाणार नाही.

या मुलीनं मला विचारलं, "ताई, तुम्हीच तर म्हणता घरातलं काम कुणाला दिसत नाही. मग ते दिसू लागलं की नको म्हणायचं, हे कसं? हा फोटो लपवून फायदा कुणाचा? ठेकेदाराचाच ना?" प्रश्न बिनतोड आहे. तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. म्हणून जरा लांबून उत्तर देते.

1936 मध्ये अमेरिकेत मंदीच्या काळात डोरोथिया लँग नावाच्या छायाचित्रकार बाई सरकारी कामावर फिरत होत्या. कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या शेतावर मजुरांचा तळ होता, पीक थंडीनं गेलेलं, मजूर उपाशी. तिथे त्यांनी एका आईचा फोटो काढला, दोन मुलं तिच्या खांद्यांत तोंड लपवून उभी आहेत. काही मिनिटांचं काम. नाव विचारलं नाही. फोटो छापून आला आणि सरकारनं त्या तळावर वीस हजार पौंड अन्न पाठवलं. म्हणजे फोटोनं काम केलं! पण अन्न पोचलं तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती. जगभर तो फोटो गरीब आईचा फोटो म्हणून लागला. तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे लोकांना कळलं 1978 मध्ये, एका वार्ताहरानं तिला शोधून काढलं तेव्हा. तोवर बेचाळीस वर्षं गेली होती. तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, त्यातून मला एक पैसाही मिळाला नाही, असं तिचं म्हणणं होतं. आणि तरी, 1983 मध्ये ती आजारी पडली तेव्हा अनोळखी लोकांनी उपचाराला पैसे पाठवले, तेही त्याच फोटोमुळे. लँगबाईंना मी खलनायिका ठरवत नाही. त्यांच्या मनात कणव होती, यात शंका नाही. पण कणव असली म्हणजे विचारायचं राहून गेलं तरी चालतं, असं होत नाही. फायदा झाला तो 'मजूर' नावाच्या सगळ्यांचा, आणि ओझं वाहिलं एका बाईनं. बिडीच्या फोटोचंही तसंच होईल. नागपुरात चर्चा होईल, परीक्षक हळहळतील, आणि चूल एकीचीच विझेल. ती चूल विझवायची की नाही हे ठरवायचा अधिकार तिचा, कारण उद्या सकाळी तिथे तीच बसलेली असणार.

मग अन्यायाचे फोटो दाखवायचेच नाहीत का? असं मी म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजी घडलं. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं, त्यात आई आणि मुलगी होती. त्यांच्या मृतदेहांचे फोटो पुढे हातोहात फिरले. ते नसते तर एवढा आगडोंब उसळला असता का, असं कार्यकर्ते विचारतात आणि त्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण त्या दोघींना कुणी विचारू शकत नव्हतं. त्यांना कशा अवस्थेत जग बघेल हे त्यांच्या हातात नव्हतं. हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला नाही, आणि सुटला असं कुणी सांगितलं तर मी त्या माणसावर विश्वास ठेवणार नाही. एवढं मात्र खरं, की जी बाई जिवंत आहे, दोन गल्ल्या पलीकडे राहते, जिला विचारता येतं आणि जिनं विचारल्यावर 'नको' असं उत्तर दिलं आहे, तिच्या बाबतीत खैरलांजीचा दाखला चालत नाही.

या मुलीला एक कल्पना सुचली होती. फोटो लावायचा नाही, त्या जागी रिकामी चौकट टांगायची आणि खाली लिहायचं, 'संमती नाकारली'. तिच्या शिक्षकांना ती फार पसंत पडली म्हणे. मला नाही पडली. बाईंनी नको म्हटलं ते दिसू नये म्हणून; त्यांचा नकारच भिंतीवर टांगला तर लोक विचारणारच, ही कोण? वीसचे एकोणीस फोटो झाले तर होऊ देत.

आता जरा नावाबद्दल बोलते. प्रदर्शनासाठी फोटोंखालच्या ओळींची यादी तिनं मला दाखवली. 'बिडी कामगार स्त्री'. 'कामगाराची पत्नी'. 'वृद्धा'. 'रोवणीला निघालेल्या मजूर स्त्रिया'. वाचून मला इंग्रजांचे जाडजूड ग्रंथ आठवले. आपल्याकडे छायाचित्रण लवकर आलं. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार तिथे शिकले. वर्ग मुलांचा, अर्थातच. पुढे 1868 ते 1875 या काळात सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्यात देशभरच्या माणसांचे फोटो आहेत आणि खाली बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही, जात किंवा जमात आहे. अमुक जातीचा पुरुष, तमुक जमातीची स्त्री, जसे वनस्पतीशास्त्राच्या वहीत पानं चिकटवून नावं लिहितात तसं. सत्तावन्नच्या उठावानंतर राज्यकर्त्यांना ही रयत कोण आहे हे ओळखून ठेवायचं होतं, त्या कामाचा तो भाग. आपल्याला तसं ओळखून ठेवायची गरज काय?

उलट एक फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहावा. 10 ऑक्टोबर 1885, फिलाडेल्फिया. डॉक्टरकी शिकायला गेलेल्या तीन परदेशी विद्यार्थिनी एकत्र बसल्या आहेत, आपापल्या देशाच्या पोषाखात. त्यातल्या एक आपल्या आनंदीबाई जोशी, लुगडं नेसलेल्या. दुसरी जपानची केई ओकामी, तिसरी सिरियाची ताबात इस्लामबुली. खाली प्रत्येकीचं नाव आहे, गाव आहे, देश आहे. म्हणून आज आपण त्यांच्याकडे नावानिशी बघतो. नाव नसतं तर तो 'पौर्वात्य स्त्रिया' नावाचा एक फोटो झाला असता.

नावाचं दुसरं टोक म्हणजे फोटो काढणाऱ्या बाईचं नाव. होमाई व्यारावाला हे नाव या मुलींनी ऐकलेलं आहे, तुम्ही कदाचित नसेल. जन्म 1913, नवसारीचा, शिक्षण मुंबईत. जे. जे. कलाशाळेत विद्यार्थिनी होत्या तेव्हाच कॅमेरा हाती घेतला. वर्गमैत्रिणींचे, मुंबईच्या रस्त्यांचे, बायकांच्या सहलीचे फोटो काढले आणि ते 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आले, एका फोटोला एक रुपया. पण पुढची काही वर्षं त्यांचे बरेच फोटो छापले जात ते नवरा माणेकशा यांच्या नावावर. 1942 मध्ये दिल्लीला गेल्यावर साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून, सायकलवरून फिरत त्यांनी स्वातंत्र्याचे, फाळणीच्या निर्णयाच्या बैठकीचे, गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले. 1970 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा कायमचा ठेवून दिला. नव्या छायाचित्रकारांची धसमुसळी वागणूक पटेनाशी झाली, हेही एक कारण त्या सांगत. 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं, पुढच्याच वर्षी त्या गेल्या. मला त्यांचे नेहरूंचे फोटो थोर वाटतात, पण खरं प्रेम आहे ते मैत्रिणींच्या फोटोंवर. त्या पोरी कॅमेऱ्याला घाबरलेल्या नाहीत. पलीकडे आपलीच एक आहे हे त्यांना माहीत आहे.

तेव्हा यादी बदलायची. प्रत्येकीला विचारायचं, खाली नाव हवं का, आणि हवं तर कुठलं. परवा एकीनं मला विचारलं, "सासरचं लिहायचं का माहेरचं?" मी म्हटलं, "तुम्हाला ज्या नावानं हाक मारलेली आवडते ते." त्यांनी जे नाव सांगितलं ते त्यांच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

नवऱ्याचा विषय निघालाच आहे तर दुसरा निरोप. एक बाई दुपारी जमिनीवर, पंख्याखाली, हात डोक्याखाली घेऊन आडव्या झाल्या आहेत, बाजूला निवडायला घेतलेली मेथी तशीच पडली आहे. त्यांनीच सांगितलं होतं, काढ, मी झोपते, माझा कामाचा फोटो नको, जन्मभर कामच केलं. मला तर वीस फोटोंत हा सगळ्यात धीट वाटतो. पण निरोप त्यांचा नाही, घरच्या पुरुषाचा आहे. 'माझ्या बायकोचा झोपलेला फोटो चार लोकांत नको.'

वर्गातली दुसरी मुलगी मला म्हणाली, मग हाही काढून टाकायचा, नकार तो नकार. नाही. बिडीवाल्या बाईंनी आपल्या फोटोला नकार दिला. इथे दुसऱ्याच माणसानं दिला आहे, आणि दोन्ही एका तागडीत घातले तर आपण इतकी वर्षं जे बोलत आलो ते वाया. फोटो तिचा, हो किंवा नाही तिनं म्हणायचं. पण म्हणून या मुलीनं बेधडक तो लावून टाकावा, असंही मी म्हणणार नाही. लावल्यावर त्या घरात जे होईल ते हिला सोसायचं नाही, बाईंना सोसायचं आहे. ही त्यांना एकटीला भेटली. त्या म्हणाल्या, लाव. दोन दिवसांनी म्हणाल्या, थांब जरा. आता थांबायचं. आठवड्यानं एकदा विचारायचं, रोज नाही. त्या आज इथे असल्या तर त्यांनी इथे काही सांगायचं नाही. छपाईच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांना मुदत आहे.

कायदा काय म्हणतो, हे तुम्ही विचारणारच. 1957 च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात फोटोचा मालक फोटो काढणारा. लग्नात पैसे देऊन फोटोवाला बोलावलात तर, वेगळा करार नसेल तेव्हा, मालकी तुमची. पण कुणी आपणहून येऊन तुमचा फोटो काढला तर त्यात चेहरा तुमचा असूनही या कायद्यानं मालकी तुमची होत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र कायद्यानं शहाणपण दाखवलं आहे. चोरून पाहण्याच्या आणि फोटो काढण्याच्या गुन्ह्याचं कलम 2013 मध्ये आलं, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेत 77 क्रमांकाचं आहे. ते बाईच्या खाजगी क्षणांपुरतं आणि पुरुष आरोपीपुरतं आहे. पण त्यात स्पष्ट लिहिलं आहे की बाईनं फोटो काढू दिला, पण इतरांना दाखवायला संमती दिली नसेल, तर तो पसरवणं हा गुन्हा. काढू देणं आणि दाखवू देणं या दोन गोष्टी आहेत, हे तिथे मान्य झालं. आपल्या प्रदर्शनाला ते कलम लागत नाही. समज मात्र तीच लागते.

"प्रत्येकीला दोनदोनदा विचारत बसले तर फोटो निघायचेच नाहीत," असं या मुली म्हणतात. शेबा छाछी यांचं काम बघा, असं मी त्यांना सांगितलं. ऐंशीच्या दशकात त्या दिल्लीत हुंडाविरोधी मोर्च्यांचे फोटो काढत होत्या, स्वतःही चळवळीत होत्या. 1979 मध्ये हुंड्यापायी मुलगी गमावलेल्या सत्यराणी चढ्ढांसारख्या बायका त्या मोर्च्यांत होत्या. काही वर्षांनी शेबांनाच ते अपुरं वाटू लागलं. घोषणा देणारी मूठ दिसते, बाई दिसत नाही. मग 1990-91 च्या सुमारास त्यांनी चळवळीतल्या सात जणींना सांगितलं, तुमचा फोटो तुम्ही ठरवा. कुठे बसायचं, काय नेसायचं, हातात काय धरायचं, सगळं तुमचं. त्या सातही जणी मोर्च्यातल्या फोटोंहून किती वेगळ्या दिसतात! वेळ लागला, पण फोटो निघाले.

बिडीवाल्या बाईंकडे आमची ही मुलगी परवा पुन्हा गेली होती. कॅमेरा पिशवीत ठेवून गेली. बाई म्हणाल्या, "माजा फोटो काढायचाच असेल तर रविवारी ये, मी डोकं धुते, हिरवं लुगडं नेसते, अन् पोरीच्या हातात पुस्तक देते." फोटोच्या शाळेत याला सजवलेला फोटो म्हणतात आणि नाक मुरडतात. मला विचाराल तर त्या बाईंनी पोरीचं पुढे काय व्हावं ते सांगितलं आहे. परीक्षकांना तेवढंही वाचता आलं नाही तर दोन गुण गेले, जाऊ देत. अर्थात गुण माझे जाणार नाहीत, हिचे जातील, हे मला समजतं. शेवटी तिनंच ठरवायचं.

तर आता काय करायचं? प्रदर्शन नागपूरला लागायच्या आधी सगळ्या प्रिंट याच सभागृहात, येत्या दुसऱ्या रविवारी दुपारी, फक्त ज्यांचे फोटो आहेत त्यांच्यासाठी लागतील. छोट्या प्रिंटवर हो म्हटलं आणि मोठी बघून नको वाटलं, तर तसं सांगायचं, कारण द्यायची गरज नाही. प्रत्येकीला तिच्या फोटोची एक प्रत घरी मिळेल, पैसे न घेता. वर्तमानपत्राला, कॉलेजच्या पुस्तिकेला किंवा मोबाइलवर फिरवायला फोटो द्यायचा तर पुन्हा विचारायचं, भिंतीसाठी दिलेलं हो तिथे चालणार नाही. नागपूरला उद्घाटनाला यायचं असेल त्यांनी आज नावं द्या, एस.टी.चं भाडं आपण मंडळाच्या पैशातून करू. संमतीची चिठ्ठी मी लिहून आणली आहे, एका पानाची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्यानं वाचते. मध्येच थांबवा, जे पटणार नाही ते खोडू.